आकृतिबंध

मंजूर पदे सात.
भरलेली तीन: एक रजेवर,
एक साहेबांच्या गाडीवर,
आणि तुळसाराम कोडापे, व्हॉल्वमन,
येत्या एकतीस तारखेला निवृत्त.
बाकी रकान्यांत मी ‘रिक्त’ लिहिते.
नऊ वर्षं झाली, या शब्दाची वेलांटी
आता हात आपोआप काढतो.

विहीर नाल्याकाठी, टाकी टेकडीवर.
मधल्या चढाचं वीजबिल
घरटी महिन्याला एकशे बारा रुपये पडतं.
आम्ही साठ मागतो. निम्मी घरं देतात.
बाकीची म्हणतात, पाणी का तुमच्या घरचं हाये?
नाही जी. पाणी नाल्याचं आहे.
चढणं विकत घेतो आपण.

पट्टी नव्वद करायचा विषय सभेत आला आणि गेला,
चहा यायच्या आत.
मग कमान. कोणी तरी म्हणालं,
त्या पैशात पाइप बदलू, चार नंबर वॉर्डातले.
तेव्हा मीच उठले, नियम वाचून दाखवला:
कमानीचं हेड वेगळं, पाइपाचं वेगळं,
इकडचं तिकडे होत नाही.
खाली बसताना खुर्ची करकरली
एवढंच इतिवृत्तात आलं नाही.

जिल्ह्यानं पाइपलाइनचा नकाशा मागितला.
नकाशा कुठाय!
म्हणून अकरा दिवस, पहाटे चारला,
जुन्या हजेरीपटाच्या कोऱ्या पानांवर
मी तुळसारामच्या मागे मागे रेघा ओढल्या.
खांद्यावर ती लांब लोखंडी चावी.
थांबला की एक टोक जमिनीला, एक कानाला.
“इथं चारची शिमिटाची. तिकडं पांढरी,
तेलगोटे सरपंच झाले त्या सालची.
अन् हा व्हॉल उलटा हाये मॅडम,
खोलाले गेलं का बंद होते.
बसवणारा डावखोरा होता.”
मी लिहिलं: डावखोरा.

चार नंबरात पाइप नालीतूनच जातो.
तिथं निखाडेबाई आधीच उभी असते, कंत्राटी,
रोज तीनशे दहा, हातमोजे
दिवाळीला येतात, पुरुषाच्या मापाचे.
ती पाइपाभोवतीचा गाळ आधी काढते, बाकी नाली नंतर.
कोणी सांगितलं?
“कोन सांगन?”

तिथला व्हॉल तुळसाराम बंद करतो
बारा फेरे. तेरावा करत नाही.
“पुरा आवळला का लाइन रिकामी होते,
मंग नालीतलं वढते आत.
एका साली सतरा लेकरं पिवळी झाली होती.
थोडं वाहू द्या लागते रातभर.”

रातभर.
ऑफिसात आले, फाइल काढली.
गळती अठ्ठावीस टक्के. लेखापरीक्षणाचा आक्षेप.
दर वर्षी माझ्याच सहीचा खुलासा:
कर्मचाऱ्यास सक्त ताकीद देण्यात आली आहे.
ताकदीच्या त्या पाच प्रती
तुळसारामनं घडी करून खिशात घातल्या होत्या,
प्रत्येक वेळी ‘मिळाली’ म्हणून अंगठ्याऐवजी
जपून जपून सही करत.

या वर्षी खुलाशात काय लिहू?
एका फेऱ्याला कुठलं हेड असतं?
दोनदा लिहिलं, दोनदा खोडलं.

एकतीसला शाल, नारळ, भाषण.
साठानोंदवहीत मी चढवलं:
चावी, लोखंडी, एक नग, किंमत साडेतीनशे.
तो पायऱ्या उतरला
खांदा एका बाजूला कललेलाच ठेवून.

एक तारीख. चार वाजता कोणी जायचं
हे आदेशात नव्हतं.
चावी वाटली होती त्याहून जड.
निखाडेबाईनं बॅटरी धरली, काही बोलली नाही.
नऊ. दहा. अकरा. बारा.
तेरावा हातात आलाच होता, सहज, न मागता.
पलीकडच्या घरात
कोणी तरी गुंड नळाखाली सरकवला.