पेवातला कंदील

मनामाच्या तेराव्या मजल्यावर बसून
मी देशांची पत ठरवते.
आजच्या देशाचं नाव सांगत नाही,
करारात तसं कलम आहे.
एवढं सांगते, की तिथलं सरासरी वय एकोणीस,
गंगाजळी सात आठवड्यांच्या आयातीला पुरेल,
मोबाइल गल्लोगल्ली पोचलेत
आणि डिझेलच्या रांगा पहाटे साडेतीनला लागतात.

वरच्या रकान्यात लिहिते: वाव प्रचंड.
खालच्या रकान्यात: जोखीम प्रचंड.
दोन्हीकडे एकच विशेषण पडलं
म्हणून वरचं खोडून 'लक्षणीय' करते.
आमच्या धंद्यात एवढीच काय ती कविता.

काचेपलीकडे समुद्र मागे सारून केलेली जमीन.
मी नोकरीला लागले तेव्हा तिथे पाणी होतं.
आता पाणी नाही, इमारतही नाही,
फक्त एक फलक, त्यावर झाडं काढलेली.
या गावानेही एकेकाळी मोत्यांवर उधारी केली होती.
पाणबुड्या बुडायचा श्वास रोखून,
त्याचं कर्ज मात्र श्वास घेत मुलाकडे यायचं.
मग लांबच्या कुठल्याशा समुद्रात
माणसाने शिंपल्यालाच मोती करायला शिकवलं.
कुणाच्या अहवालात होता तो धोका?

माझे वडील सांगलीच्या पेठेत हळदीचे तोलाईदार.
रुमालाखाली बोटं दाबून सौदे होताना मी पाहिलेत,
वर तोंडं कोरडी, खाली बोटांचा बोभाटा.
हरिपूरला जमिनीखाली पेवं होती.
पेव उघडलं की वडील आधी दोरीला कंदील बांधून आत सोडायचे.
ज्योत टिकली, तर माणूस उतरायचा.
विझली, तर तोंड उघडं ठेवून उद्या यायचं.
कंदिलाने हळदीचा भाव कधी सांगितला नाही.
त्याला तेवढं विचारायचंही नसतं.

साडेदहाला मुलुवर्क येते, टेबलं पुसायला.
(नावावरून देश ओळखलात, तर कलम मी मोडलेलं नाही.)
तिच्या भाषेत या नावाचा अर्थ, पुरतं सोनं.
पडद्यावरचे आलेख तिला कळत नाहीत,
नकाशाची कड मात्र दारातूनच ओळखते.
"मॅडम, पैसे आज पाठवू की थांबू?"

उत्तर माझ्याच फाइलमध्ये आहे:
दर्जा एक पायरी खाली, गुरुवारी जाहीर.
चलन घसरेल,
तिच्या पन्नास दिनारांना जास्त नोटा मिळतील.
"मला नाही माहीत," मी टेबलाकडे बघत म्हणते.
तिथे तिने पुसलेला माझाच चेहरा.

ती हसते. "मी नाही थांबणार.
मागच्या खेपेला थांबले. नोटा जास्त आल्या,
भावाने फोनवर मोजून दाखवल्या.
तोवर पत्रे महागले. छताला चार कमी पडले.
पाऊस नेमका तेवढ्याच चार पत्र्यांतून येतो."

ती गेल्यावर अहवाल पुन्हा उघडते.
दर्जा बदलत नाही. ज्योत खरंच मिणमिणते आहे,
तिथे लबाडी करणार नाही.
पण वडिलांच्या पेवात तळाशी हळद होती.
माझ्या पेवात, कंदील पोचायच्या आधीपासून
माणसं आहेत, चूल पेटलेली आहे,
आणि कुणीतरी वर मान करून विचारतंय,
झाकण काढलंच आहे,
तर थोडा वेळ उघडं ठेवाल ना?

दुपारी बाब अल बहरीनच्या मागे
एक्स्चेंजच्या रांगेत ती दिसली, तेरावी की चौदावी.
फलकावरचा आकडा बदलला.
रांगेतलं कुणी हललं नाही.