काळा वायसर

बावीस वर्षं, दर शनिवारी रात्री
उद्यमबागेत दस्तगीरच्या लेथमागं,
शटर खाली ओढून आम्ही पत्ते खेळलो.
तिथं शंभराची नोट शंभराचीच होती.
गेली तर वरच्या खिशात दुसरी,
तीही गेली तर दस्तगीर म्हणायचा,
‘घे की रे लुमाण्णा, सोमवारी दे.’
पत्ता नाही आला तर टाकायचा,
भूपालच्या म्हशीची चौकशी करायची.
कंटाळा आला की चप्पल शोधायची.
रात्र आमच्या मालकीची होती.

यंदा निपाणीत, भूपालच्या मेव्हण्याच्या
रिकाम्या तंबाखू वखारीत सात टेबलं लागली.
त्रेसष्ट माणसं: संकेश्वर, हुक्केरी, चंदगड,
धारवाडची एक पोरगी, केस बारीक कापलेली.
दारात हजार मोजले.
हातात आले चाळीस काळे वायसर, सहा पितळी,
आमच्याच शॉपमध्ये पंच केलेले.
‘पितळी म्हणजे दहा काळे,’ मेव्हणा म्हणाला.
आणि काळा म्हणजे?
‘काळा म्हणजे काळाच. विकता येत नाही,
अर्ध्यात उठून घरी नेता येत नाही.
सगळे संपले की तू संपलास.’

तुळईला शाळेची जुनी घंटा.
दर वीस मिनिटांनी एक टोल,
आणि ब्लाइंड दुप्पट.

मी सवयीनं बसलो, चांगल्या पत्त्याची वाट बघत.
बाप ओतकाम करायचा. सांगायचा,
साचा घाईनं फोडलास तर माल आत पोकळ निघतो.
पण इथं वाट बघायलाच भाडं होतं,
आणि भाडं चढत होतं.
टोल. शंभराचे ब्याऐंशी, एक डाव न खेळता.
टोल. एकोणसाठ.
दस्तगीर पहिल्याच तासात गेला,
पोत्यांवर आडवा होऊन घोरायला लागला.
तंबाखूची खाट नाकात, शिंक येईना, जाईना.
पोरगीनं वाकून विचारलं,
‘अज्जा, निद्दी बंतेन्री?’
झोप नव्हती आली. अठ्ठावन्न वर्षांत
पहिल्यांदाच कुणी अज्जा म्हणालं होतं.

पुढच्या डावाला गुलाम-सत्ती.
ज्या जोडीला बावीस वर्षं दारात उभं केलं नाही
तिच्यावर सगळे वायसर पुढं ढकलले.
लोखंड खणखणलं.
पोरगीनं माझ्याकडं बघितलं, मग स्वतःच्या ढिगाकडं,
आणि पत्ते टाकले.
हां. म्हणजे वरचा खिसा
तिलाही नव्हता.

तिथून मी दुसराच कुणीतरी होऊन खेळलो.
थोडा निर्लज्ज. बापाला आवडला नसता.

रात्री दीडला दहा उरलो. बक्षीस नऊ जणांना.
कोपऱ्यात संकेश्वरचा अडत्या, समोर तीनच काळे,
तेही बोटांनी पुनःपुन्हा मोजतोय.
आणि मला आल्या दोन राण्या.
पोरगीनं आधीच सगळं आत सारलं होतं.
शनिवारी असतो तर उडी घेतली असती,
हरलो असतो तर सोमवार होताच.
मी राण्या पालथ्या घातल्या.
ओतकामात, संसारात, कुठंच
इतकं जड काही खाली ठेवलं नव्हतं.
दोन डावांनी अडत्या उठला,
सगळ्यांना नमस्कार करून, मला जरा जास्तच वाकून.

मी सातवा आलो. एक्का-राजा होते,
चौकीच्या जोडीनं मारलं. बरोबर खेळून गेलो.
हे वाक्य दस्तगीरला अजून पटलेलं नाही.

तवंदी घाट उतरताना पहाटे
खिशात काहीतरी टोचलं. एक काळा, चुकून राहिलेला.
मागच्या मडगार्डचा बोल्ट कधीपासून सैल,
हत्तरगीच्या टोलपाशी चहा घेतला आणि
तिथंच पाना मागून बसवून टाकला.
बेळगावपर्यंत खडखड आली नाही.
दस्तगीर मागून म्हणाला, शनिवारी येणार न्हवं?
येणार की, म्हटलं.
आणि कुठंतरी टोल पडल्यासारखा वाटून
उगाच गाडी जरा पळवली.