धुराडं

नव्या मुंबईत शेकायची भट्टी?
समोरच्या स्पेअर पार्टवाला जिग्नेश इतका हसला
की त्याच्या हातातले नट सांडले.
हस म्हटलं.
तू दहाला शटर उघडतोस,
आम्ही पाचला.

कळंबोलीत, लोखंड बाजाराच्या मागच्या रस्त्यावर,
जानेवारीच्या पहाटे पाना उचलला
तर आधी तो तुमची ऊब काढून घेतो
आणि मग कामाला लागतो.
तीन बाजूंना पत्रा, चौथीकडे वारा,
आणि ट्रकखाली उताणे हसुरामदादा घरत,
वय सदुसष्ट.
कुरकुर त्यांच्या स्वभावात नाही.
एकदाच म्हणाले, सहज, बोल्ट शोधता शोधता,
"बोटा मना वलखत नाय रं."

भंगारातून कॉम्प्रेसरची टाकी आणली,
घासाघीस करून बाराशेला.
कापायच्या आधी पाण्यानं काठोकाठ भरली;
आत जुन्या तेलाची वाफ दबा धरून असते.
खडूनं चौकोन आखला.
कापून निघालेल्या तुकड्याचंच दार केलं,
बिजागरीला दोन बोल्ट, चार नट.
जाळी मोडक्या कमानपाट्यांची:
वीस वर्षं दहा-दहा टन झेललेले ते,
निखाऱ्यांचं त्यांना काय.
मुठीला व्हॉल्व्हची स्प्रिंग, हात भाजू नये म्हणून.
वेल्डिंग माझं देखणं नाही.
आयटीआयचे सर असते तर म्हणाले असते,
कावळा बसला होता का रे इथं?
पण हातोडी मारून पाहिली.
धरलंय.

लाकूड फुकट.
कंटेनर रिकामे झाले की बंदराकडची पॅलेट
रस्त्याच्या कडेला येऊन पडतात.
त्यांच्या अंगावर अक्षरं डागलेली असतात.
एचटी असेल तर खुशाल जाळायचं,
ते नुसतं तापवलेलं.
एमबी दिसलं तर हात लावायचा नाही,
त्याला विषारी धुरी दिलेली असते.
हे मला हसुरामदादांनी शिकवलं.
त्यांची खारजमीन
त्याच बंदराच्या रस्त्याखाली आहे.

पहिला जाळ रविवारी केला, गिऱ्हाईक नसताना.
पाच मिनिटांत धूर आत
आणि आम्ही बाहेर.
टाकीचा जुना रंग जळत होता, त्याचा घशात बसणारा वास.
दारातून धूर, फटीतून धूर,
धुराड्यातून मात्र एक रेघ नाही.
जिग्नेश रस्ता ओलांडून आला,
नाकाला रुमाल लावून, खास बघायला.

तेवढ्यात सफरचंदांचा ट्रक थांबला, क्लचचं काम होतं.
ड्रायव्हर किन्नौरचा, नेगी.
तो सरळ धुरात शिरला,
गुडघ्यावर बसला
आणि "बुखारी" म्हणाला,
परक्या गावात शाळेतला मित्र
अचानक दिसावा तसा.
मग बाहेर येऊन वर बघितलं आणि डोक्याला हात लावला.
नळी मी वळचणीखालीच संपवली होती,
बरोब्बर वाऱ्याच्या तोंडात.
वर, आणखी वर, तो हातानं दाखवत राहिला,
बोलला ते निम्मंच कळलं,
त्यात बर्फ होता, कुणीतरी आजारी होतं, घर होतं.
जाताना चार सफरचंदं ठेवून गेला टाकीवर.
एक भाजलं गेलं. तेच सगळ्यात गोड निघालं.

दुसऱ्या दिवशी टेम्पोच्या सायलेन्सरचा पाईप जोडला,
छपराच्या हातभर वर नेला,
त्यावर डब्याच्या झाकणाची टोपी.
एका काडीत पेटली.
पत्रा तापताना टकटक बोलतो,
आणि धूर कसा, हाक मारल्यासारखा वर जातो.

जिग्नेश हल्ली साडेपाचलाच येतो.
म्हणतो, झोप लागत नाही.
येताना चहा आणतो, आम्ही काही विचारत नाही.

हसुरामदादा बोटं शेकतात, एकेक करून,
लहान पोरांना ओळीनं न्हाऊ घालावं तशी.
मग गाडीखाली सरकतात, नुसता हात बाहेर काढतात:
चौदाचा.
घाईत मी सोळाचा ठेवला त्या तळव्यावर.
हात क्षणभर मिटला, पुन्हा उघडला.
गाडीखालून आवाज आला,
"यो नाय."