ओल

साडेसहाला सोलापूरचं ऊन
पत्र्यावरून खाली उतरतं,
तेव्हा मी पाइप कोरायला घेतो.
हत्यार एकच : बंद मिलमधली
चात्याची वाकडी तार.

आज व्हर्जिनियात चिमूटभर लटाकिया.
जळक्या चिंचेच्या लाकडाचा वास.

समोरच्या ओट्यावर अनसूयाक्का गज्जम.
सुपात तेंदूची पानं, कात्री चालूच,
हजारातल्या शेवटच्या शंभर विड्या.
मी डबा पुढं करतो.
अंगठ्यानं मळते, हुंगते,
"गूळ घातलाय काय की ह्यात?
ओल हाय. विझतंय बघा."

विझला.
तीनदा.

आता नवा डबा आला की
आधी तासभर तिच्या सुपात,
पानांच्या शेजारी.
कात्री न थांबवता ती मान हलवते,
मग मी भरतो.

ती स्वतः ओढत नाही कधी.
खोकते मात्र
माझ्याहून जास्त.