हाफ

पटाशेजारच्या कार्डावर दोन नावं, दोन आकडे.
मगदूम अनुजा, जयसिंगपूर : दोन हजार त्रेचाळीस.
शिकलगार दस्तगीर, तासगाव डेपो : तेराशे सत्याऐंशी.
मधल्या साडेसहाशेत
माझ्या रूटवरची सगळी गावं मावतील.

सांगलीत मे महिना. शाळेचा हॉल,
फळ्यावर पुसायचा राहिलेला कुणाचा तरी लसावि.
तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते.
सवयीनं मी आधी वय बघितलं :
अकरा. हाफ तिकीट.

बाराव्या खेळीला माझा घोडा अडकला.
तिथून ती खुर्चीत बसलीच नाही फारशी.
दुसऱ्यांचे डाव बघायची, चिक्की खायची,
येऊन उभ्या उभ्याच मोहरा सरकवायची,
घड्याळावर टिचकी.
मी मात्र प्रत्येक खेळीला
वळणावर ड्रायव्हर वाकतो तसा वाकलेला.

अब्बा जुन्या नियमानं खेळायचे.
राजा एकटा उरला की म्हणायचे, बुर्जी!
जिंकणाऱ्यानं सगळं मारू नये,
समोरच्याकडं काहीतरी ठेवावं.
हे पुस्तकात नाही आता.

शेवटी तिच्याकडं उंट आणि कडेचं एक प्यादं,
माझ्याकडं नुसता राजा.
पण उंट काळ्या घरांचा, आणि कोपरा पांढरा.
मी कोपरा गाठला.
एक घर बाहेर, एक घर आत,
शेवटची गाडी चुकलेला माणूस
फलाटावर करतो तसं.
आता ती खुर्चीत बसली.
पाऊण तास नख चावत राहिली,
मग हात पुढं केला, चिक्कीनं चिकट झालेला.
पंचांनी लिहिलं : अर्धा, अर्धा.

व्हरांड्यात तिनं डाव परत मांडला.
"काका, एकतिसाव्याला हत्ती इथं का नाही आणला?
तुम्ही जिंकत होता."
चार खेळ्या करून दाखवल्या,
पाहुण्याला आपलं घर दाखवावं तशा,
कसलीही कुरकुर नाही.
आई हाक मारत होती. गेली पळत.

संध्याकाळच्या तासगाव गाडीला मुजावर ड्युटीवर.
"काय झालं?"
"बरोबरी. दोन हजारवालीशी."
त्यानं डबल बेल मारली जोरात, माझ्यासाठी.
मी हसलो. पेढे देईन म्हणालो.

माधवनगर गेलं, बुधगाव गेलं.
कवलापूरला मी हत्ती हलवला,
कुमठे फाट्याला मात झाली.
तासगावात उतरून बघतो तर
हत्ती जिथल्या तिथं उभा,
एकतिसाव्या खेळीची वाट बघत.