केसभर आधी

कोयंड्यांची होडी ट्रेलरवर चढली
तेव्हा तिच्यावर अजून नाव नव्हतं.
पांढरा रंग, आणि त्यात बोटांचे ठसे,
कुणाला तरी वाळेपर्यंत धीर नव्हता.
जामसंड्याहून तांबळडेगला जायचं.
आधी सडा, मग घाटी,
आणि घाटीच्या पोटात ते वळण
जिथला कठडा दर दोन वर्षांनी नवा असतो.

बस्त्याव मिस्त्री पिकअपमध्ये माझ्या शेजारी बसला,
मांडीवर पाण्याची बाटली. प्यायची नव्हे.
चल बाय, म्हणाला. सावकाश.

उतारावर मी पाय दाबला
आणि मागून होडीने ढकललं,
रांगेत कुणी पाठीत कोपर द्यावं
आणि बोलू काहीच नये, तसं.
वळणावर पिकअपचं बूड
माझ्या परवानगीशिवाय सरकू पाहत होतं.

खाली, कलमांच्या गडग्याला लागून, गाडी उभी केली.
मिस्त्रीने बाटलीचं बूच काढलं.
पिकअपच्या पुढच्या चाकावर थेंब: चर्रर्र.
मागच्या चाकावर: चर्र.
ट्रेलरच्या ड्रमवरून मात्र
थेंब गंज घेऊन मुकाट खाली आला.

'ऐकलंस?' त्याने विचारलं.
तो माझ्या तोंडाकडे बघत होता.
तापलं लोखंड चाचपून चाचपून
तळहात तर कधीच बधिर झालेले,
आता कानही त्याच वाटेने निघाले होते.
'पुढे दोन्ही. मागे काहीच नाही,' मी म्हटलं. मोठ्याने.

'पुढल्यान सगळा आपल्या अंगार घेतल्यान की तो तापता.
आणि तापलो की थांबणा नाय.
मागल्याचा वजन मागल्यानच धरूक व्हया.
आणि पुढल्याच्या केसभर आदी.
मगे दोगा सरळ रवतत.'

'आणि केसापेक्षा जास्त आधी?'
'मगे तुका फरफटत बसतलो.
पावसात तर चाकां जाम, आणि शेपूट खाडीत.'

मी दांडीखाली आडवी झाले.
पाठीला तापलेला कातळ, नाकात ग्रीस आणि सुकटीचा वास.
एका नळीत दुसरी नळी.
पुढचा थांबू लागला की मागचा पुढे येतो,
नळीत नळी शिरते, तार ताणते,
आणि ढकलणाऱ्याचे ब्रेक
त्याच्याच ढकलण्याने लागतात.
हे मला इतकं आवडलं
की पाना नुसता हातात धरून पडून राहिले.

तार मिठाने धरली होती.
हा ट्रेलर दर खेपेला कंबरभर समुद्रात उतरतो,
त्याचं काय चुकलं?
घासली, ग्रीस भरलं.
'दोन फेरे,' मिस्त्री म्हणाला.
मी दीडच फिरवला.

पुन्हा वर, पुन्हा खाली.
मागे कोयंडे मोटारसायकलवर, सारखं घड्याळ बघत.
या वेळी वळणावर कोपर नव्हतं,
पाठीवर नुसता हात असावा, एवढंच.

थेंब. चर्र.
थेंब. चर्र.
ट्रेलरवर थेंब, आणि मी कान जवळ नेला.
'सारका?'
नाही म्हणायला जीव होत नव्हता.
'मागचं जरा बारीक आहे.'
'मगे अर्धो फेरो आनी.'
दीड आणि अर्धा. तो हिशेब बोलला नाही,
पाना मात्र पुढे केला.

तांबळडेगच्या वाळूत ट्रेलर मागे मागे घेतला.
ड्रम निवायला हवे होते,
पण भरती कोयंड्यांच्या बाजूची होती.
होडी हलली, हलकी झाली,
पट्ट्यांतून सुटून तिने एकदा मान डोलावली,
आणि चारी ड्रम एकदम खाऱ्या पाण्यात गेले.

बस्त्याव मिस्त्री किनाऱ्यावर
रिकामी बाटली खिशात कोंबत होता.
त्या आवाजावर
त्याने वळून पाहिलं.