मोजणी

वडील मोजणीदार होते, बार्शी तालुक्यात.
एक साखळी, चार झेंड्या आणि एक शिपाई,
जो ऊन चढलं की लिंबाखाली झोपायचा.
दोन भाऊ समोरासमोर, मधे बांध,
दोघंही चहा पुढे करायचे.
वडील दोघांचाही घेत नसत.
म्हणायचे, मी कुणाचा नाही, मी फुटांचा.

मी पक्षाचा आहे.
इलिनॉयमधलं स्प्रिंगफील्ड, चौथा मजला, पगारी.
साखळी नाही, माऊस आहे.
एक क्लिक, की तीनशे बारा माणसं
या मतदारसंघातून त्या मतदारसंघात जातात.
कूससुद्धा बदलत नाहीत झोपेत.

समोरच्यांना एका जागी गच्च कोंबायचं,
तिथे जिंकू द्यायचं, ऐंशी टक्क्यांनी, वाजतगाजत.
उरलेले फोडायचे,
चार पातेल्यांत चिमूट चिमूट,
कुठेच चव लागू नये इतके.
आमच्याकडे याला आराखडा म्हणतात.
बार्शीत म्हणत, बांध कोरणं:
दर नांगरटीला एक वीत,
शेजारी गप्प आहे तोवर.

मी विचारलं होतं एकदा, केसलरला.
आपल्याच जाहीरनाम्यात आहे ना,
पान नऊ, की रेघा पक्षांनी आखू नयेत,
नागरिकांचा आयोग नेमावा?
त्यानं सँडविचमधला कांदा काढून ठेवला.
म्हणाला, पलीकडच्या राज्यांत ते कोरतायत, रोज.
आपण एकट्यानंच हात बांधून बसायचं?
आधी जिंकू. सुधारणा मग.
चूक नव्हता तो. हीच तर पंचाईत.
तो चूक असता तर मी नोकरी सोडली असती,
असं मला वाटतं.

मार्चमध्ये डिकेटरला सुनावणी.
गावभर सोयाबीनच्या कारखान्याचा वास,
ओल्या पेंडीसारखा, कोटात बसणारा.
ग्रंथालयाचं तळघर, सत्तर खुर्च्या, माणसं एकोणीस,
आणि पडद्यावर माझा नकाशा.
नदीकाठानं सरकत, महामार्गावरून बारीक होत,
दोन गावं पलीकडे पुन्हा फुगलेला.
कुणी म्हणालं खेकडा. कुणी म्हणालं, सांडलेलं सरबत.

मग व्हर्निस ऑग्ल्सबी उठल्या. गुडघ्याला पट्टा.
"एकतीस वर्षं शाळेची बस चालवली मी इथे," म्हणाल्या.
"कुठलं पोर कुठे चढतं, कुठे उतरतं, तोंडपाठ.
तुमच्या या रेघेवरून
बस वळतच नाही."

अध्यक्षांनी आभार मानले.
तीन मिनिटं संपली होती.

बाहेर त्या अर्ज घेऊन उभ्या होत्या,
आयोगासाठी सह्या.
वारा असा, की कागद हातातून निसटू बघत होते.
मी थांबलो. का, ते ठाऊक नाही.
त्यांनी पेन पुढे केलं.
म्हणालो, माझी चालणार नाही,
मी अजून इथला नागरिक नाही.
मला मत नाही.

सात लाख माणसांची मतं कुठे पडावीत
ते मी ठरवतो,
हे मात्र बोललो नाही.

त्या क्षणभर बघत राहिल्या.
"मग हे धरा," म्हणाल्या,
आणि पुठ्ठा माझ्या हातात दिला.
चाळीस मिनिटं मी कागदाचा कोपरा
अंगठ्यानं दाबून उभा होतो.
अकरा सह्या झाल्या.
एक केसलरच्या मामेबहिणीची.

सोमवारी संगणक उघडला.
त्यांचा रस्ता शोधला, मग घर,
मागच्या अंगणातलं झाडसुद्धा दिसत होतं, वरून, गोल.
रेघ बरोबर त्याच्यावरून जात होती.

मी ती काढली तिथून.
शेजारच्या अंगणातून नेली.
टक्का तोच राहिला,
बावन्न पूर्णांक चार.